पटांगणाची न झाडलेली बाजू

‘शी म्हणायचंय? म्हण की. पण आधी त्याचं नाव सांग.’

हे वाक्य बाई दिवसातून दहा वेळा तरी म्हणायच्या. एखादं पोर नाक मुरडून मागं सरकलं, की बाई त्याचं मनगट धरायच्या. घट्ट नाही, पण सुटून पळता येऊ नये एवढं. मग त्याला पुन्हा त्या वस्तूपाशी उकिडवं बसवायच्या. समोर गांडूळ असो, शेणातला किडा असो, नाहीतर पिकून फुटलेल्या उंबरातली चिलटं असोत. नाव सांगता आलं नाही तर बाई हसून म्हणायच्या, ‘मग शी म्हणायचा हक्क नाही अजून तुला.’ नाव आलं तर पुढचे प्रश्न तयार असायचे. खातं काय? राहतं कुठं? पावसात कुठं जातं? एवढं होईपर्यंत शी म्हणायचं राहूनच जायचं.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. मी शी म्हणायचो. नाव न सांगता, मनातल्या मनात, आणि दिवसातून दहापेक्षा जास्त वेळा. मला घाणीची लहानपणापासून शिसारी आहे. दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणीसुद्धा मी वरून ओतून पितो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे झालं ते कोणत्या माणसाच्या हातून झालं हे तुमच्या लक्षात राहील.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, आणि आम्ही शिक्षक तिघं. गाव निरगुडसरच्या बाजूचं, कालव्याच्या पाण्यावर ऊस, कांदा, बटाटा घेणारं. गावाचं नाव सांगत नाही. गावाचा यात फारसा दोष नाही, आणि ज्याचा आहे तो स्वतःच बोलतो आहे.

नव्वदच्या सुमाराची अशी पटांगणं तुम्हीही पाहिली असतील. मुरूम टाकून सपाट केलेलं, उन्हात तापणारं, मधोमध झेंड्याचा खांब. मागच्या भिंतीला अख्ख्या गावाची लघवी. आणि लग्नसराईत तर विचारूच नका. गावातली निम्मी लग्नं आमच्याच पटांगणात लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला आम्ही यायचो तेव्हा कोपऱ्यात पत्रावळ्यांचा कमरेएवढा ढीग असायचा. आंबलेला मसालेभात, मठ्ठ्याच्या द्रोणांत बुडालेल्या माश्या, वर नाचणारी कुत्री. त्या वासात पोरं प्रार्थना म्हणायची आणि मी नाकाला रुमाल लावून ‘सावधान’ म्हणायचो.

बाई आमच्याकडं बदलून आल्या त्या अशाच एका सकाळी. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातलं त्यांचं घर, भात-नाचणी पिकवणारं. वय पंचविशीचं, बांधा काटक, पदर कायम खोचलेला. चपला फाटकापाशी काढून त्या अनवाणी आत आल्या. मी ढीग पेटवायला रॉकेल मागवलं होतं.

‘गुरुजी, जाळू नका. मला द्या,’ बाई म्हणाल्या.

‘काय करणार त्याचं?’

‘पुरते.’

आणि त्यांनी खरोखरच पुरला. पोरांकडून मागच्या कोपऱ्यात खड्डा खणून घेतला आणि त्या पत्रावळ्या दोन्ही हातांनी उचलून आत टाकल्या. कोपरापर्यंत हात बरबटलेले, वर माश्यांचं मोहोळ, आणि बाई पोरांना विचारतायत, ‘ही पानं कशाची? पळसाची. पळस कुठं बघितलाय?’ त्या दिवशी मला डबा गेला नाही. पावसाळ्यानंतर त्यांनी तो खड्डा उघडला. आत काळी भुसभुशीत माती झाली होती. मूठभर माती घेऊन त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘वास घ्या, गुरुजी.’ मी खुर्ची मागं सारली. वास मी घेतला नाही. पुढं मात्र पाहुण्यांना मी छातीठोकपणे सांगायचो की त्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येत होता.

आमच्याकडं शाळा भरायच्या आधी पोरं पटांगण झाडतात. वर्गवार पाळ्या असतात. झाडून झाल्यावर मातीवर खराट्याच्या रेघा दिसल्या पाहिजेत, तरच झाडलं असं धरतात. मी रोज त्या रेघा बघत फिरायचो. सरळ आल्या असल्या की मला बरं वाटायचं. बाईंनी दुसऱ्या वर्षी पटांगणात आडवी दगडांची ओळ लावली. अलीकडं झाडायचं, पलीकडं नाही.

गावाला वाटलं, बाई कामचुकार आहे. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत फाटकापाशी आले.

‘बाई, आर्धं आंगण झाडायचं इसारली का काय पोरं?’

‘न्हाई आजोबा, ते झाडायचंच न्हाई. तिथं काय येतंय ते बघायचंय.’

‘काय येणार? गवात येणार.’

‘मग गवात बघू.’

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. माझी तेवढीच मर्दुमकी.

आणि गवत आलं. गवताबरोबर आघाडा आला, एकदांडी आली, रानतुळस आली. गाजरगवत तेवढं बाई उपटायला लावायच्या, बाकी कशाला हात लावू द्यायच्या नाहीत. हापशाचं सांडपाणी आधी फाटकापाशी चिखल करायचं. बाईंनी पोरांकडून चर काढून ते पलीकडच्या बाजूला नेलं आणि काळ्या मातीनं लिंपलेल्या एका खळग्यात सोडलं. वर्षभरात त्यात बेडूक राहायला आले. त्यांना कुणी बोलावलं ते देव जाणे. भूगोलाच्या तासाला तर बाईंनी कहरच केला. नदीकाठचे दगड आणून पश्चिमेकडं सह्याद्री रचला, त्यातून घोड आणि मीना अशा दोन नद्या कोरल्या, मध्ये मातीचं धरण बांधलं. एक पोर हापसा मारायचं आणि बाकीची नदीच्या कडेनं पळत पाणी कुठवर पोचलं ते ओरडून सांगायची. ‘बाई, पाणी आलं निरगुडसरला!’ धरण आठवड्यातून एकदा फुटायचंच. मग ते का फुटलं यावर वर्गात भांडणं व्हायची.

मी खिडकीतून बघायचो. आत माझ्या वर्गात पाढे चालू असायचे आणि माझी पोरं माना वळवून बाहेर बघत असायची. एकदा बाई म्हणाल्या, ‘गुरुजी, तुमचा वर्ग पण आणा ना बाहेर.’ मी म्हणालो, ‘माझं धोतर खराब होतं.’ धोतर मी पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीलाच नेसायचो. बाईंना ते माहीत होतं.

पालकांचीही कुरकुर होती. ‘मातीत खेळायला पोरं घरी हायेत की, बाई. साळंत कशाला?’ तोवर मंचरच्या इंग्रजी शाळांच्या जीपगाड्या गावात फिरायला लागल्या होत्या. टाय बांधलेली पोरं सकाळी त्यात कोंबून बसायची. आमचा पट दर जूनला घसरायचा. मी मनात म्हणायचो, घसरेल नाहीतर काय, आमच्याकडं आल्यावर दिसतं काय, तर बेडकांचं डबकं.

तरी एक गोष्ट मी तेव्हाही नाकारू शकलो नाही. बाईंची पोरं बोलायची. पुढं जे घडलं त्या वर्षी तिसरीत सोनाली नावाची एक मुलगी होती. पहिलीत असताना ती वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हती. ती आता तपासणीला आलेल्या साहेबांना हाताला धरून नेऊन सांगायची, ‘ह्यो आघाडा. ह्याला हात लावू नका, तुमच्या प्यांटीला चिकटंल.’ साहेब हसायचे. मीही हसायचो, आणि साहेब गेल्यावर डबक्यावर फिनेल टाकावं का याचा विचार करायचो.

असं सात-आठ वर्षं चाललं. मग गावागावांत स्वच्छतेच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि आमचं गाव पेटून उठलं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. लोकांनी खरंच काम केलं. संडास बांधले, गटारं काढली, उकिरडे गावाबाहेर नेले. ज्या भिंतीला वर्षानुवर्षं लोक उभे राहायचे तिथं रंगवलेली वचनं झळकली. कमिटी यायच्या दोन दिवस आधी उपसरपंच शाळेत आले. भला माणूस, पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होता.

‘गुरुजी, आख्खं गाव चकाचक झालंय राव. फकस्त तुमची शाळा राह्यली. त्ये गवात, त्ये डबकं. कमिटीला काय दावायचं?’

‘ते बाईंचं आहे, भाऊ,’ मी म्हणालो.

‘बाईंचं कसं? शाळा गावाची हाय.’

बाई तेव्हा घोडेगावला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. कमिटीच्या दिवशी सकाळी परतणार होत्या. ग्रामपंचायतीत फोन होता. निरोप द्यायचा म्हटलं असतं तर अर्ध्या तासात पोचला असता. मी म्हणालो, ‘करा साफ. बाईंना मी सांगतो.’

नाइलाज होता, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो. मला आनंद झाला होता. सात-आठ वर्षं ज्या गोष्टीची मला किळस येत होती ती आता गावाच्या हातानं जाणार होती, आणि माझे हात स्वच्छ राहणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव शाळेत लोटलं. ट्रॅक्टरनं मुरमाच्या दोन ट्रॉल्या आणल्या आणि खळग्यात रिकाम्या केल्या. थंडीचे दिवस, बेडूक खाली चिखलात बसलेले असणार. कुणी त्यांचं नाव काढलं नाही. मी कुंड्या कुठं ठेवायच्या ते दाखवत होतो. सह्याद्रीचे दगड उचलून झेंड्याभोवती गोल लावले आणि त्यांना एकाआड एक गेरू आणि चुना फासला. बायकांनी सडा घालून झेंड्याभोवतीचं सारवलं, कडेनं ब्लीचिंग पावडरची रेघ ओढली. सगळे इतक्या प्रेमानं काम करत होते की त्यांना दोष कसा द्यायचा ते मला आजही कळत नाही.

आणि न झाडलेली बाजू आम्ही पोरांना दिली. दिली म्हणजे मी दिली. मी शिट्टी वाजवली आणि म्हणालो, ‘एक काडी राहता कामा नये.’

बाईंचीच पोरं ती. सोनाली सगळ्यांच्या पुढं. ‘ह्यो आघाडा,’ म्हणायची आणि मुळासकट उपटायची. ‘ही एकदांडी.’ उपट. ‘ही रानतुळस.’ उपट. तिचं ऐकून बाकीचीही नावं घेत उपटायला लागली. कवायतीसारखा सूर लागला. उपसरपंच कौतुकानं म्हणाले, ‘पोरं लई हुशार हायेत गुरुजी तुमची. समदं वळखत्यात.’ मी म्हणालो, ‘शिकवलंय तसं.’ हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले. त्यांची चव अजून जात नाही.

संध्याकाळी पटांगण फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत एकसारखं झालं होतं. मी रेघा बघत फिरलो. सगळ्या सरळ होत्या.

कमिटीच्या दिवशी बाई सकाळच्या एसटीनं उतरल्या. खांद्यावर पिशवी, हातात प्रशिक्षणात मिळालेली पुस्तकं. फाटकापाशी त्या थांबल्या आणि चपला काढायला वाकल्या. पोरं धावत गेली. ‘बाई, आमी केलं! समदं आमी केलं!’ सोनालीनं दोन्ही तळहात पुढं केले. फोड आले होते, बोटांच्या पेरांत हिरवं बसलं होतं.

बाईंनी ते हात बराच वेळ धरून ठेवले. ‘दुखतात?’

‘न्हाई.’

‘घरी गेल्यावर तेल लाव.’

मग त्या माझ्याकडं आल्या. मी बोलणं तयार ठेवलं होतं. ‘अहो, अगदी ऐन वेळी ठरलं. तुम्हाला कळवणार होतो, पण...’

माझ्याशी कायम पुस्तकी बोलणाऱ्या बाई त्या दिवशी आपल्या घरच्या भाषेत बोलल्या. ‘गुरुजी, तुमाला नको व्हतं तर तुमी उपटायचं. मी भांडले असते. रडले असते. पुन्यांदा लावलं असतं. पोरांच्या हातनं का करून घेतलं?’

मी म्हणालो, ‘स्वच्छतेचे संस्कार...’ पण तोवर बाईंनी तोंड फिरवलं होतं. त्या हापशावर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या. हाताला काहीही लागलेलं नव्हतं. पत्रावळ्यांच्या ढिगात हात घालणारी ही बाई मला बघून हात धुत होती. मला तेव्हा राग आला होता. आता त्यांना माझी किती किळस आली असेल याचा विचार केला की माझं जेवण अर्धं राहतं.

दुपारी कमिटीची गाडी आली. हार-नारळ झाले, लेझीम झालं. साहेबांनी गाव बघितलं आणि शेवटी शाळेत आले. पटांगणात उभं राहून त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि मला विचारलं, ‘गुरुजी, तुमच्याकडं एका शिक्षिकेनं पटांगणातच निसर्गाची शाळा केलीय असं ऐकलंय. नद्या, डबकं, रानझाडं. मुद्दाम बघायला थांबलोय. कुठंय ते?’

उपसरपंचांचा चेहरा उतरला. गावातली दहा-वीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. आणि मी हात वर करून झेंड्याभोवतीच्या गेरू-चुन्याच्या दगडांकडं, उसन्या आणलेल्या झेंडूच्या कुंड्यांकडं बोट दाखवलं.

‘हेच ते, साहेब.’

साहेबांनी कुंड्यांकडं पाहिलं. मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाईंकडं वळून विचारलं, ‘तुम्हीच का त्या?’

बाईंना एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. गावालाही, आणि ते सगळं उपटणाऱ्या पोरांनाही. पोरं तिथंच ओळीत उभी होती, आंघोळ करून, तेल लावून.

‘नाही, साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘ते दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत असंल.’

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी गेली. गावाला दुसरा नंबर मिळाला. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळाची बर्फी आम्ही खाल्ली, मीही खाल्ली.

जानेवारी ते एप्रिल बाईंनी वर्गात बसून शिकवलं. दार लावून. पुस्तकातलं बेडकाचं चित्र दाखवून बेडकाची माहिती फळ्यावर लिहून द्यायच्या आणि पोरं ती पाठ करायची. चुकीचं काहीच नव्हतं. परीक्षेत सगळ्यांना चांगले गुण पडले. मी एकदा दबकत म्हणालो, ‘बाई, पावसाळ्यात पुन्हा सुरू करा ना. या खेपेला मी सांभाळून घेतो गावाला.’ त्या म्हणाल्या, ‘जमीन मिळंल, गुरुजी. पोरांना मी काय सांगू? ह्ये राखायचं म्हणून? त्यांनी मला इचारलं, मग गुरुजींनी उपटायला का लावलं, तर?’

जूनमध्ये त्यांनी बदली मागून घेतली, पश्चिमेला, आपल्या डोंगरात. निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं आणि त्यांना ‘निसर्गकन्या’ म्हणालो. टाळ्या पडल्या. त्यांनी वाकून मला नमस्कार केला, कारण मी वयानं मोठा होतो. मी ‘सुखी राहा’ म्हणालो आणि त्या गेल्यावर मला हायसं वाटलं.

नंतर त्या मला एकदाच दिसल्या, मंचरच्या स्टँडवर, मी निवृत्त झाल्यावर. केस पांढरे झाले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, कोणता पाला बांधायचा ते सांगितलं. पटांगणाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढवला नाही. त्यांची गाडी आधी लागली.

बाई बदलून गेल्या त्याच जुलैत मी एकदा सकाळी लवकर शाळेत पोचलो होतो. रात्री पाऊस पडून गेला होता. सारवलेलं वाहून जाऊ नये म्हणून ग्रामपंचायतीनं मे महिन्यात निम्म्या पटांगणाला सिमेंटचा कोबा करून दिला होता. झाडायची पाळी चौथीची होती. सोनाली एकटीच आली होती, हातात खराटा. कोब्यावर एक गोगलगाय चालली होती, शंख पाठीवर घेऊन. कुठून आली होती कोण जाणे, आणि पुढं तिला जायला काही उरलेलं नव्हतं. तिच्या मागं ओली चमकती रेघ उमटत होती.

सोनाली तिच्याजवळ गेली आणि उकिडवी बसली. मला वाटलं, आता ती हात पुढं करील. मी मनात म्हणालो, कर पोरी, उचल तिला.

तिनं मान वर करून मला पाहिलं. मग पटकन उठली, खराट्यानं गोगलगाय सुपलीत लोटली आणि सुपली भिंतीपलीकडं रिकामी केली. परत येऊन पायानं ती चमकती रेघ घासून पुसली, नीट, टोकापासून टोकापर्यंत.

‘झालं ना साफ, गुरुजी?’ तिनं विचारलं.

‘झालं,’ मी म्हणालो.